फळांची वाटी आणि सूर्यास्ताची वेळ

व्यापारी पेठेत दुपारचे चार ते सहा हे दोन तास मोठे कठीण असतात. सकाळी उघडलेले दुकान, दीड-दोनच्या सुमारास गल्ल्यामागेच उरकलेला डबा, मधल्या वेळात गिऱ्हाइकाबरोबर आणि दलालाबरोबर झालेला चार-पाच वेळचा अर्धा अर्धा कप चहा, आणि त्यानंतर पुन्हा जाणवू लागलेली भूक. कोपऱ्यावरची कचोरी मागवावी, तर डॉक्टरांनी तळणाला मनाई केलेली असते. म्हणून घरून फळांची डबी येते, कधी दह्याची वाटी येते, आणि हे खाणे निर्दोष आहे अशा समजुतीने ते निःशंक मनाने संपवले जाते. त्याच घरातील दुसरी एखादी व्यक्ती मात्र मधुमेहाचे निदान झाल्या दिवसापासून केळ्या-आंब्याकडे पाहतही नाही. एकाला फळ म्हणजे औषध वाटते, तर दुसऱ्याला विष. दोन्ही समजुतींत हिशेब चुकलेला आहे.

या चुकीची किंमत लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरांतील प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक आहे. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर किंवा काउंटरमागे बसून काढणाऱ्या समाजाला हे आकडे परके वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही, तिथी पाळली जाते आणि चातुर्मासात उपवास-आयंबिल होतात, त्यांच्या बाबतीत तर मधल्या वेळच्या खाण्याचा प्रश्न सर्वसाधारण आहारपत्रिकेने सुटत नाही. त्याला माप, संगत आणि वेळ अशा तीन बाजू आहेत, आणि तिन्ही बाजूंचा मेळ बसला तरच फळ आणि दही उपकारक ठरतात.

माप

फळात साखर असते, पण ती तंतूंच्या आणि पाण्याच्या वेष्टनात असते. अख्खे फळ चावून खाल्ले की ते वेष्टन पोटात हळूहळू उलगडते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. त्याच फळाचा रस काढून गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि उरलेले गोड पाणी काही मिनिटांत रक्तापर्यंत पोहोचते. एका पेल्याला तीन मोसंबी सहज लागतात. तीन मोसंबी सोलून खायला बसले तर दुसऱ्यालाच समाधान होते. पेला मात्र दोन घोटांत रिकामा होतो, आणि वर दोन चमचे साखर घातलेली असेल तर आणखी सुमारे दहा ग्रॅमची भर पडते. अमेरिकेतील तीन मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक लाख ८७ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. अख्खी फळे, विशेषतः ब्ल्यूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद, अधिक खाणाऱ्यांत मधुमेह जडण्याचे प्रमाण कमी आढळले, तर फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते वाढलेले आढळले. अशा पाहणीतून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही फळ आणि फळाचा रस यांना एकाच खात्यात मांडू नये, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मग कोणते फळ किती खावे? शंभर ग्रॅम गरातील कर्बोदके पाहिली की अंदाज येतो. कलिंगड, खरबूज आणि पपई यांत साधारण ८ ते ११ ग्रॅम कर्बोदके असतात. मोसंबी, संत्रे, पेरू, सफरचंद आणि आंबा यांत १० ते १५ ग्रॅम, द्राक्षे आणि डाळिंब यांत १७ ते १९ ग्रॅम, तर केळे, चिकू आणि सीताफळ यांत २० ते २४ ग्रॅम असतात. खजूर आणि मनुका यांतील पाणी आटलेले असल्याने तेथे हा आकडा ७५ च्या पुढे जातो. ज्याची रक्तशर्करा वाढलेली आहे, त्याने एका वेळच्या फळातून साधारण १५ ग्रॅम कर्बोदके घेतली तर ती बहुधा पेलवतात. म्हणजे मध्यम पेरू, लहान सफरचंद किंवा संत्रे अख्खे चालते. केळे असेल तर अर्धे, चिकू एक लहान, द्राक्षे पंधरा-वीस मण्यांपेक्षा अधिक नकोत, आणि खजूर दोनच्या पुढे नको.

या यादीत आंबा सफरचंदाच्या शेजारी बसलेला पाहून पुष्कळांना नवल वाटेल. आंब्याची बदनामी त्याच्या गोडीपेक्षा त्याच्या मापामुळे अधिक झाली आहे. सफरचंदाच्या चार फोडी खाऊन माणूस थांबतो. आमरसाच्या वाटीला मात्र थांबा नसतो, आणि पुरीची संगत मिळाली की कर्बोदकांचा आकडा शंभराकडे झुकतो. जेवणाच्या ताटातून आंबा काढून तो मधल्या वेळी, शंभर ग्रॅम फोडींच्या रूपात खाल्ला, तर ज्यांची साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे अशा अनेकांना तो चालू शकतो. जैन घरांत आंब्याला आणखी एक मर्यादा आपोआप मिळालेली आहे. जूनच्या २१-२२ तारखेच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला की श्वेतांबर परंपरेतील अनेक कुटुंबे त्या वर्षापुरता आंबा सोडतात.

अन्नाने रक्तशर्करा किती वेगाने चढते, हे मोजण्याची निर्देशांक-पद्धत टोरोंटो येथील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. ती उपयुक्त आहे, पण एकटी पुरेशी नाही. कलिंगडाचा निर्देशांक उंच असतो, तरी त्याच्या चार फोडींत साखर थोडीच असते, कारण बाकी सारे पाणी आहे. उलट, निर्देशांक मध्यम असलेले फळ भरल्या ताटलीने खाल्ले तर साखर चढणारच. भाव कमी असला तरी माल जास्त उचलला की रक्कम फुगते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

संगत

फळ एकटे खाण्यापेक्षा प्रथिने किंवा स्निग्धांश असलेल्या पदार्थाबरोबर खाल्ले की जठर सावकाश रिकामे होते आणि साखरेची चढण सौम्य होते. याच ठिकाणी दही कामास येते. विरजणातील जिवाणू दुधातील काही साखर खाऊन तिचे आम्लात रूपांतर करतात. म्हणून दही दुधापेक्षा आंबट लागते आणि त्याची रक्तातील चढणही मंद असते. शंभर ग्रॅम साध्या दह्यात ४-५ ग्रॅम कर्बोदके आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तेच दही फडक्यात दोन-तीन तास टांगले तर पाण्याबरोबर काही दुग्धशर्कराही निथळते आणि वाटीतील प्रथिनांचे प्रमाण वाढते. निथळलेले पाणी कणीक भिजवायला वापरता येते, त्यामुळे काही वाया जात नाही. शंभर ग्रॅम पेरू आणि शंभर ग्रॅम साधे दही यांची वाटी केली, तर कर्बोदके एकूण १९-२० ग्रॅमच्या घरात राहतात, त्यांतले पाचएक ग्रॅम तंतूच असतात, आणि भूक दीड-दोन तास सहज दबून राहते.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दह्याच्या वेष्टनावर एक मर्यादित विधान छापण्यास अनुमती दिली. आठवड्यातून किमान दोन कप दही नियमित खाल्ल्याने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, मात्र त्यासाठीचा पुरावा मर्यादित आहे, असा त्याचा आशय आहे. ‘मर्यादित’ हा शब्द विसरून दह्याला औषध समजू नये. आणि ज्या साध्या दह्याविषयी आशा बाळगायची, ते दही आणि बाजारात फळांची चित्रे छापून मिळणारी गोड डबी यांत महदंतर आहे, हेही विसरू नये. अशा डबीत फळाचा अंश थोडा आणि साखर पुष्कळ असू शकते. वेष्टनावर ‘अतिरिक्त साखर’ या शीर्षकाखाली आकडा दिलेला असतो; तो वाचण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी. परदेशातून आलेल्या काही दह्यांत घट्टपणासाठी जिलेटिन घालतात, आणि ते प्राणिज असते. म्हणून हिरवे चिन्ह पाहिल्याशिवाय अशी डबी घरात येऊ देऊ नये.

श्रीखंडाचा प्रश्नही येथेच निकालात निघतो. घरच्या श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर पडते. चक्का म्हणून जे मिळवले, ते साखरेने गमावले जाते. पाडव्याला एक चमचा प्रसादापुरता घ्यावा, पण मधल्या वेळचे खाणे म्हणून त्याची गणना करू नये.

जैन आहारशास्त्राने हा हिशेब निराळ्या शब्दांत पूर्वीच मांडून ठेवला आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगय आहेत. मध आणि लोणी यांची गणना मद्य-मांसाबरोबर महाविगयांत होते आणि ती सर्वथा वर्ज्य आहेत. हल्लीच्या पाककृतींत दह्याच्या वाटीवर मधाची धार, साखरेत घोळलेले ओट आणि तळलेला सुकामेवा यांचा थर असतो. तो विगयांच्या भाषेत मोजला तर एका वाटीत दही, साखर आणि तळण अशा तीन विगय आणि वर मधाची महाविगय भरते. ज्या श्रावकाने दिवसापुरता गूळ-साखरेच्या विगयीचा त्याग केला, त्याने आहारतज्ज्ञ ज्याला अतिरिक्त साखर बंद करणे म्हणतात तेच केले. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, रक्तशर्करा नव्हे; हा भेद राखलाच पाहिजे. तरीही विगय मोजण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराला साखर मोजण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही.

दह्याच्या संगतीत काय घालावे, याबाबत सर्वसाधारण सल्ला जैन घरात जसाच्या तसा चालत नाही. फुटाणे, मोड आलेले मूग किंवा भाजलेली डाळ दह्यात घालावी, असे अनेकदा सुचवले जाते. परंतु न तापवलेले दही-ताक आणि कडधान्य एकत्र आले की द्विदळाचा दोष लागतो. म्हणून मार्ग दोन ठेवावेत. फळ आणि दही हा एक, फळ आणि मूठभर फुटाणे हा दुसरा. एकाच वेळी तिन्ही नकोत. दह्याबरोबर बदाम चालतात का, याविषयी परंपरा भिन्न आहेत. तेल देणाऱ्या बियांना श्वेतांबर परंपरेत द्विदळ मानत नाहीत, तर काही दिगंबर घरांत त्याही टाळतात. ज्यांना चालतात त्यांनी पाच-सहा बदामांवर थांबावे. फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत ज्या घरांत सुकामेवा बंद असतो, तेथे टांगलेले घट्ट दही आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे पुरे होते.

अंजीर दह्यात घालण्याची शिफारसही सर्वत्र आढळते. अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील फळ असून आत सूक्ष्म कीटकांचा वास असल्याने ते वर्ज्य मानले आहे. त्याच्या जागी पपई किंवा सफरचंद घातल्याने काही उणे राहत नाही. पेरू बहुबीज म्हणून ज्यांच्याकडे चालत नाही, त्यांनी संत्रे किंवा मोसंबी घ्यावी. दही ताजे असावे, हा नियमही आरोग्याला धरूनच आहे. दोन रात्री उलटलेले दही श्वेतांबर मर्यादेत अभक्ष्य ठरते आणि दिगंबर मर्यादा त्याहून कडक आहे. दिवसाचे दही दिवसाला लावणाऱ्या घरात ते फार आंबट होत नाही, आणि आंबटपणा मारण्यासाठी साखरेचा चमचाही लागत नाही.

वेळ

माप आणि संगत सांभाळूनही अनेक श्रावकांची साखर खाली-वर होत राहते. त्याचे कारण बहुधा घड्याळात असते. पुण्याच्या परिसरात डिसेंबरच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारसी धरली तर चौविहार करणाऱ्याच्या पोटात जवळपास चौदा तास अन्न-पाणी जात नाही. जूनमध्ये हेच अंतर साडेअकरा तासांच्या आसपास असते. अडीच तासांचा हा फरक औषध घेणाऱ्या शरीराला जाणवल्याशिवाय राहत नाही. तरीही मधल्या वेळचे खाणे मात्र बाराही महिने पाचच्या ठोक्याला होते.

हिवाळ्यात पाचला फळ-दही आणि पावणेसहाला घाईघाईने पूर्ण जेवण झाले की दोन चढणी एकमेकींवर स्वार होतात. तासाभरात पोटात गेलेले सारे रक्तात उतरते आणि माणूस पुन्हा दुकानाच्या गादीवर जाऊन बसतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ही वाटी सकाळी अकराच्या सुमारास घ्यावी, किंवा संध्याकाळच्या जेवणाचाच भाग करून तेवढी भाकरी-भात कमी करावा. जेवणात असेल, तर आमटी-वरणाबरोबर कच्चे दही येणार नाही, हे द्विदळाच्या दृष्टीने पाहावे लागतेच. अशा वेळी भाजी-भाकरी आणि दही असा बेत सोयीचा पडतो. एप्रिल ते जूनमध्ये दुपारचे जेवण आणि सूर्यास्त यांत पाच-सहा तास असतात. तेव्हा चारची वाटी योग्य ठरते आणि संध्याकाळी ताटावर तुटून पडणेही टळते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि चढण उतरते. चौविहार उरकून देरासर, मंदिर किंवा स्थानकापर्यंत वाहन न काढता पायी गेले, तर प्रतिक्रमणाची वेळही साधते आणि शरीराचे कामही होते.

औषध आणि पच्चक्खाण

या विषयातील खरा धोका फळात नाही आणि दह्यातही नाही. तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या ‘रात्री’ या शब्दात आहे. बहुतेक डॉक्टर रात्रीचे जेवण साडेआठ-नऊला होते असे धरून ‘सकाळी एक, रात्री एक’ असे लिहितात. रात्रिभोजन सोडलेला पण पाणी घेणारा श्रावक सहाला जेवतो आणि सवयीने नऊला गोळी घेतो. चौविहार करणारा पुष्कळदा ती गोळी वगळूनच टाकतो. पहिल्याची साखर मध्यरात्री धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, तर दुसऱ्याची सकाळी वाढलेली सापडते. मग घरात दोष दिला जातो तो आदल्या दिवशीच्या केळ्याला.

सगळी औषधे सारखी नसतात. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर साखर अतिशय खाली जाण्याचा धोका अल्प असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन मात्र पोटात अन्न असो वा नसो, आपले काम करीतच राहतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. दीर्घ किंवा निर्जळ उपवासात त्या चालू राहिल्या तर शरीरातील पाणी कमी होण्याचा आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून चातुर्मास बसण्यापूर्वी, आणि एकासना, वर्षीतप किंवा अठ्ठाई यांचा भाव मनात धरल्यावर पच्चक्खाण घेण्याआधी, डॉक्टरांना सूर्यास्ताची वेळ आणि व्रताचे स्वरूप स्पष्ट सांगावे. चिठ्ठीवर ‘रात्री’ ऐवजी ‘सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर’ असे लिहून घ्यावे. मात्रा आणि वेळ आपल्या मनाने बदलू नये.

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की दरदरून घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, आकस्मिक भूक, चिडचिड आणि बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे; साखरेचे तीन लहान चमचे त्यासाठी पुरतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आली नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. या प्रसंगी दही-फळाची वाटी देऊ नये. जो गुण तिला एरवी हितकर करतो, तोच येथे घातक आहे, कारण ती साखर सावकाश चढवते आणि येथे क्षणांचा प्रश्न असतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ रुग्णालय गाठावे.

मध्यरात्री असा प्रसंग आला की घरातील वृद्ध माणूस साखरपाणी नाकारतो. पच्चक्खाण मोडेल, हे त्याचे भय असते. सून आणि नातू पेला घेऊन उभे राहतात, आणि कोणाला काय बोलावे ते सुचत नाही. या भयाचा आदर करूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पच्चक्खाणाच्या सूत्रांतच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. तीव्र व्याधीमुळे चित्ताची समाधी ढळण्याची वेळ आली तर औषधोपचार घेण्यास जागा देणारा आगार त्यांत आहे. पूर्वाचार्यांनी मनुष्याच्या देहाची दुर्बलता जाणून नियमाची चौकट आखली. ती चौकट समजून न घेता प्राण संकटात घालणे, हे व्रताचे पालन ठरत नाही. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यांनी चौविहाराऐवजी तिविहार किंवा दुविहार घ्यावा का, आणि संकटकाळी काय करावे, हे गुरुमहाराजांना शांतपणे, दिवसाउजेडी विचारून घ्यावे. त्यांचे उत्तर घरातील सर्वांना ठाऊक असावे. रात्री दोन वाजता शास्त्रार्थ करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तिथी, आयंबिल आणि पारणे

बीज, पाचम, आठम, अग्यारस, चौदस या तिथींना आणि पर्युषणात अनेक घरांत हिरवे बंद असते. फळांची वाटी त्या दिवशी नसते. तिची जागा गाठी-शेव, गोड खाखरा किंवा मिठाईने भरून निघाली, तर त्यागाच्या दिवशी तळण आणि साखर वाढली असाच जमाखर्च निघतो. त्याऐवजी जिरे घातलेले साधे दही आणि कोरडा खाखरा, किंवा दही वगळून मूठभर फुटाणे पुरेसे होतात. आयंबिलात सर्व विगय वर्ज्य असल्याने दही नाही आणि फळही नाही. चैत्र आणि आश्विनातील ओळीच्या नऊ दिवसांत केवळ भात-रोटीवर भर दिला तर साखर झपाट्याने चढते. मूग, उडीद, हरभरा यांचा वाटा वाढवून भाताचा कमी केला तर ती बरीच आवरते. उपवासाचे पारणे शिऱ्याने किंवा गोड दुधाने करण्याऐवजी मुगाच्या पातळ कढणाने करावे. फळ आणि दही त्यानंतर सावकाश, एका वेळी एकच यावे.

रोजमेळ

कोणाला कोणते फळ किती पेलवते, याचे अंतिम उत्तर पुस्तकात सापडत नाही, कारण एकाच पेरूने दोन सख्ख्या भावांची साखर वेगवेगळी चढते. बोटावर थेंब घेऊन मोजणारे लहान यंत्र आता बहुतेक घरांत असते. खाण्याआधी एकदा आणि खाण्यास प्रारंभ केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजावे. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत राहावा, हे अनेकांसाठी मानले गेलेले उद्दिष्ट आहे. वृद्ध किंवा इतर व्याधी असलेल्यांसाठी डॉक्टर ते बदलतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी तर कोणती फळे आणि किती दही, हे आधी विचारूनच ठरवावे. दुकानाच्या वहीसारखी एक छोटी वही करून तीत तारीख, फळ, माप, दही, वेळ आणि दोन आकडे असे पंधरा दिवस लिहिले, तर कोणते फळ नफ्यात आहे आणि कोणते तोट्यात, हे आपोआप दिसू लागते. डॉक्टरांपुढे ती वही ठेवली की औषधाची मात्राही अंदाजाने ठरवावी लागत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत अनशन पहिले आहे, आणि समाजात कौतुकही त्याचेच सर्वाधिक होते. शोभायात्रा निघतात, सांजी होतात. त्याच्या पाठोपाठ अवमौदर्य, म्हणजेच उणोदरी, येते. भुकेपेक्षा थोडे कमी खाऊन उठणे, एवढाच तिचा अर्थ. पुढे खाण्याच्या प्रकारांवर मर्यादा घालणे आणि रसाचा त्याग ही दोन तपे येतात. ज्या वृद्धाला किंवा रुग्णाला औषधामुळे अनशन करता येत नाही, त्याच्या मनात पर्युषणाच्या दिवसांत एक सल असतो. शेजारच्या घरी अठ्ठाई झाली आणि आपल्याकडून काहीच झाले नाही, असे त्याला वाटत राहते. त्याच्यासाठी ही तीन तपे वर्षभर खुली आहेत. अर्धे केळे खाऊन उरलेले अर्धे बाजूला ठेवणे, दह्यात साखर न घालणे, एका वेळी एकाच फळावर थांबणे, यासाठी ना डॉक्टरांची मनाई आहे, ना वयाची अट.